तलंगीच्या पाठीवरचे टाके

शेवंताकाकू काल तिसऱ्या प्रहरी फडक्यात हुरडा बांधून घेऊन आल्या. त्या आमच्या शेजारच्या. आता वय झालं, कमरेत वाकल्या, पण शाळू दाण्यात भरला की शेतातून येताना आमच्या दारी थांबल्याशिवाय त्यांना पुढं जाववत नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच म्हणाल्या, "मास्तर, गरम हाय तंवर खाऊन घ्या. गार झाल्यावर त्याच्यात काय ऱ्हातंय?" मी फडकं घेतलं आणि कोनाड्यात ठेवलं. हुरडा तिथंच गार झाला.

खायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं. हात पुढं होईना, एवढंच. आषाढात आक्का गेली, त्यानंतरचा हा पहिला हुरडा. पावसाळ्यात माणूस गेलं की त्या दिवसांत चिखल, ओलं सरपण, येणारी-जाणारी माणसं, दहावं-तेरावं यांतच जीव अडकून राहतो. पुढं आभाळ कोरडं पडतं, थंडी सुटते, शेतातून आगटीच्या धुराचा वास गावात यायला लागतो, आणि मग कळतं की आता कोणी यायचं राहिलेलं नाही. हे कळायला मला इतके महिने लागले. मी सगळंच सावकाश करतो. हे लिहितोय तेही सावकाशच. दोन ओळी झाल्या की उठून परसातल्या एका कोंबडीकडं बघून येतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मोकळ्या कपाळानं माहेरी आली, ती परत गेली नाही. आई-वडील एकामागून एक गेले, माझी बायको पहिल्या बाळंतपणात गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी चौसाळ्याच्या शाळेत मुलांना अक्षरं गिरवायला लावायचो, संध्याकाळी येऊन पुस्तक उघडायचो. ती कोंबड्या कोंडायची, चूल पेटवायची. आमच्यात बोलणं फार नव्हतं. शाळूच्या दिवसांत मात्र परसात ती आगटी करायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून कूस उडवायची आणि हिरवे, वाफेचे दाणे माझ्या ताटलीत टाकायची. शेजारच्या पोरांना द्यायची, वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून द्यायची. स्वतः एक दाणा तोंडात टाकायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला चालत न्हाई." पोटाला चालत नसेल असं ऐकणारा समजायचा, आणि तीही समजू द्यायची.

न चालण्याचं कारण एक कोंबडी होती.

मी शिकत होतो त्या वर्षी गाठीचा आजार, म्हणजे प्लेग, चौसाळ्याकडून सरकत सरकत आमच्या गावात आला. दिवाळी झाली आणि घराघरांत आढ्यावरून उंदीर पडू लागले. उंदीर पडले की गाव सोडायचं, हे तोवर पोरासोरांनाही पाठ झालं होतं. तहसिलीचा शिपाई दवंडी द्यायला आला तेव्हा निम्मं गाव माळाच्या वाटेला लागलेलं होतं. माळावर कडब्याच्या, तुराट्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. जातं, उखळ, पाळणा, शेळ्या, कोंबड्या, सगळं गाव उघड्यावर मांडल्यासारखं. मी तेव्हा बीडला मदरशात, म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत होतो. मदरसा बंद झाला. मी पायीच निघालो, आणि माळावर पोचलो तो अंगात ताप घेऊन.

तापाचा माणूस पाहिला की त्या दिवसांत लोक पाऊल मागं घेत. त्यात त्यांची काही चूक नव्हती. आई-वडील तोवर गेलेले. आक्कानं एकटीनं आमची कोपी मोडली आणि सगळ्यांपासून लांब, एका बाभळीखाली पुन्हा बांधली. रोज सकाळी ती माझ्या काखेत बोटं घालून चाचपायची. थंडीत तिची बोटं बर्फासारखी गार असत. गाठ लागली नाही की "हूं" म्हणायची आणि पाणी तापवायला जायची. त्या एका "हूं"वर माझा दिवस निघायचा.

मग एका दिवशी मी हाकेला ओ देईना. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही, मला ते शेवंताकाकूंनी सांगितलं. कोपीच्या दाराशी एक तलंग दाणे टिपत होती. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. तांबूस रंगाची, गळ्याशी काळे ठिपके. आक्कानं ती धरली, तिच्या डोक्यावर कुंकू दाबलं, शिवेवरच्या मरीआईच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाली, "आये, मपल्या भावाला उठीव. ही तलंग तुझी."

लोक नवस बोलतात ते "कोंबडी देईन" असं बोलतात. कोणती, ते मोकळं ठेवतात. वेळ येईल तेव्हा खुराड्यात असेल ती द्यायची. नाव घेऊन, कुंकू लावून एक जनावर बोललं की ते बदलता येत नाही. तेच द्यावं लागतं, आणि धडधाकट द्यावं लागतं. आक्काला हे ठाऊक नव्हतं असं नाही. शेवंताकाकूंनी लांबूनच तिला फैलावर घेतलं होतं म्हणे.

"आगं, नुसती कोंबडी म्हनायचं. हीच म्हनून काहून बोललीस?"

"त्या टायमाला हातात हीच व्हती."

मी उठलो. ताप उतरला, पाय थरथरत का होईना उभे राहू लागले. पण आक्काच्या मनात मी अजून उठलेलो नव्हतो. तलंग मरीआईच्या पायाशी पोचेपर्यंत मी उसना होतो. माझ्यावर ठेवायची ती नजर तिनं आता कोंबडीवर ठेवली. दाणे तिला हातावर, पाणी तिला वेगळ्या परळात, घार दिसली की आक्का चुलीवरचं टाकून बाहेर. सगळं घारीपासून जपलं, आणि आलं ते मुंगूस.

भर दुपारची गोष्ट. मी कोपीच्या सावलीत पुस्तक पोटावर ठेवून पडलो होतो. बांधावरच्या बोरीखाली एकदम पंखांची फडफड झाली. आक्का धावली. तिनं भिरकावलेला खुरप्याचा दांडा मुंगसाला लागला की नाही कोण जाणे, पण त्यानं पकड सोडली. तलंग पदरात घेऊन ती आली तेव्हा पदर लाल झालेला. मानेपासून पंखापर्यंत पाठीची कातडी सोलली होती आणि चिंधीसारखी एका बाजूला लोंबत होती. खाली मांस उघडं. मरायला टेकलेली कोंबडी ओढते तो पांढरा पडदा तलंगीनं डोळ्यांवर ओढला होता.

आक्का रडली नाही. तिनं एकदा तलंगीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. त्या नजरेत जे होतं ते मी पुढं कधी विसरलो नाही. मी बीडला चार बुकं शिकलेला. कोंबडीच्या जिवाला माझा जीव कोणी बांधू शकत नाही, हे मला पटलेलं होतं. पण ती तसं बघत असताना मला माझ्याच छातीतले ठोके ऐकू येऊ लागले.

"धर हिला," ती म्हणाली. "पाय धर आन् मान झाक."

कोमट पाण्यात हळद घालून तिनं जखम धुतली. सुई चुलीच्या जाळात धरली. दोरा घेतला, बघितला, टाकून दिला. म्हणाली, "दोरा पानी धरतो. पू होतो." मग अंबाड्यातला एक लांब केस तिनं ओढून काढला आणि सुईत ओवला. केस तुटला की दुसरा. कातडी बोटांनी जागेवर ओढत ती टाके घालत गेली. तलंगीच्या पिसांत दिसेनासे होणारे बारीक काळे टाके. वरून हळद आणि करडईचं तेल. टाके संपल्यावर ती केस सोडलेलेच ठेवून बसून राहिली. मी तिला त्याआधी केस मोकळे सोडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून कोपीत आजारी दोघं झाले. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला डालग्याखाली तलंग. आक्का जोंधळ्याच्या कण्या शिजवायची. त्यातल्या पातळ मला, घट्ट तिला. शेवंताकाकूंना आता जवळ यायला भीती वाटत नव्हती. त्या दारात टेकायच्या आणि गंमत करायच्या.

"भावाला कन्या, कोंबडीला कन्या. कोन आधी उठून पळतंय बगू."

"पळू दे कोनबी," आक्का म्हणायची, "दोघंबी जागेवर असावं, येवढंच."

"आन् बरी झाल्यावर कापायचीच हाय की हिला."

"व्हय."

"मंग येवढं कशाला गं माय?"

"कापायला तरी जगाय पायजे ना."

हे बोलून ती वारुळाकडं गेली आणि पानावर वाळवी घेऊन आली. तलंगीनं त्या दिवशी प्रथम मान उचलून चोच मारली. आक्काचा चेहरा तेव्हा जसा फुलला, तसा मी कण्या संपवल्यावर फुलत नव्हता. मला हसू आलं. इतक्या दिवसांनी पहिलं हसू.

आजारपणातून उठताना माणसाला एक थकवा येतो. त्यात दुखत काही नसतं, नुसतं सगळं लांब वाटतं. त्या थकव्यात मी पडल्या पडल्या त्या दोघींकडं बघायचो. ऊन तिरपं होऊन कडब्याच्या फटींतून आत यायचं. आक्का तलंगीला मांडीवर घेऊन जखमेवरची माशीची अंडी वेचायची आणि तिच्याशी काहीबाही बोलायची. शेळीला करडू झालं, वारं सुटलं, आज पीठ मुरलं न्हाई. माझ्याशी ती असलं बोलत नसे. शिकलेल्या भावाशी काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं बहुधा. हळूहळू त्या मांडीवरच्या पाखराचं नि तिचं काहीतरी जमून गेलं. मला ते दिसत होतं. तिलाही दिसत असलं पाहिजे, कारण पुढं पुढं ती तलंगीला मांडीवर घेईनाशी झाली. लांबूनच दाणे टाकायची.

टाके सुकले. केस आतल्या आत कातडीत मुरले. पाठीवर पिसं आली नाहीत, गुळगुळीत गुलाबी चट्टा राहिला. पण ती चालायला लागली, खायला लागली. एक सवय मात्र तिची कायमची गेली. धुळीत लोळून उठलेली कोंबडी उभी राहून सगळं अंग झाडते, पिसं फुलवते, धुरळा उडवते. ही लोळायची आणि तशीच धुळीनं माखलेली चालू लागायची. पाठीची कातडी आखडली होती, तिथं ओढ बसत असावी.

संक्रांत झाली. बऱ्याच दिवसांत कुणी आजारी पडलं नव्हतं. गावात परत शिरायचं ठरलं, आणि शिरायच्या आधी शिवेवर ज्यानं त्यानं आपापला नवस फेडायचा. आक्कानं तलंगीला न्हाऊ घातलं, पुन्हा कुंकू लावलं. काठी टेकत मीही मागून गेलो. वाटेच्या दोन्ही अंगांना शाळू माणसाहून उंच, कणसं भरलेली. वाटेत कुठंतरी आगटी पेटली होती. शेवंताकाकूंनी मूठभर हुरडा आक्काच्या ओच्यात टाकला. आक्काला हुरड्याचं भारी वेड. लहानपणी कच्चेच दाणे खाऊन तिचं पोट दुखायचं. "येताना खाते," म्हणाली.

मरीआईचं ठाणं म्हणजे लिंबाखालचे शेंदूर फासलेले दगड. तिथला भगत म्हादबा. त्यानं तलंग आईसमोर उभी केली आणि तिच्या डोक्यावर, पाठीवर पाणी शिंपडलं. आमच्याकडची रीत अशी की पाणी पडल्यावर जनावरानं अंग झाडलं पाहिजे. झाडलं, की आईनं घेतलं. त्याशिवाय सुरी लावायची नाही.

तलंग उभी राहिली. पाणी तिच्या गुलाबी चट्ट्यावरून ओघळून खाली गेलं.

म्हादबानं पुन्हा पाणी शिंपडलं. माणसं गोळा झाली. तलंगीनं मान वाकडी करून आक्काकडं पाहिलं, पण अंग झाडलं नाही. मागं नवस फेडायला आलेले लोक खोळंबले. कुणी म्हणालं, कानात फुंका. कुणी म्हणालं, गार पानी घ्या. आक्काचे ओठ पांढरे पडले होते. आई घेत नाही याचा अर्थ तिला एकच माहीत होता, आणि त्या अर्थाकडं, म्हणजे माझ्याकडं, ती बघायला तयार नव्हती. मला वाटलं, सांगावं मोठ्यानं की हिची कातडी आखडलीय, ही कधीच अंग झाडत नाही. पण तिथं ते सांगून काय झालं असतं? खोट असलेलं जनावर आणलं, एवढंच ठरलं असतं.

म्हादबा उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, मनात काही ऱ्हायलंय का तुमच्या? ऱ्हायलं असल तर आईम्होरं बोला."

आक्कानं तलंगीच्या पाठीवरचं पाणी पदरानं टिपलं. मग म्हणाली, "ऱ्हायलंय. हिला द्यायला माजा जीव होत न्हाई."

"मंग ती तरी कशी घील? न्या घरी." मग तो थोडा थांबला. "पर आईला मोकळं धाडता येत न्हाई. हिच्या जागी तुमचं काहीतरी सोडा."

लोक अशा वेळी कारलं सोडतात, दोडका सोडतात, ज्यावाचून अडत नाही असं काही. आक्कानं ओच्यात हात घातला. मुठीत आला तो हुरडा तिनं दगडापाशी ठेवला.

"हुरडा सोडते. मरस्तवर."

"आगं येडे," शेवंताकाकू मागून म्हणाल्या, "दोडका म्हन, दोडका. हुरडा सोडतेत व्हय कुनी?"

पण बोलून झालं होतं. या खेपेलाही हातात होतं तेच ती बोलली होती. येताना तिनं एका हातानं तलंग छातीशी धरली होती आणि दुसऱ्या हातानं माझा दंड. दोघांनाही सारख्याच जोरानं. शाळूतून वारा येत होता. ती चांगली चालली होती, हलकी, आणि मधूनच आगटीचा वास आला की श्वास धरायची.

ती तलंग पुढं खूप जगली. अंड्यावर आली, खुडूक बसली, पिल्लं काढली. म्हातारी होऊन एका थंडीत गेली. आक्काचा हुरडा मात्र सुटलेलाच राहिला. वर्षामागून वर्षं तिनं दुसऱ्यांसाठी दाणे चोळले. मी एकदा म्हणालो, पुरे आता, एवढ्या वर्षांनी कोण मोजतंय? ती म्हणाली, "तू हाईस ना म्होरं बसलेला? मंग झालं की."

या आषाढात ती पडली ती उठली नाही. मी कण्या शिजवायला शिकलो. पातळ व्हायच्या, लागायच्या, ती निमूट घ्यायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, "बापू, माज्यापाई कुनाला काई बोलू नको. काई बांधू नको."

मी म्हणालो, "आक्का, मी असलं मानत नाही."

ती हसली. "मानत न्हाईस म्हनून तर सांगायले. न मानता बोलशील, आन् मंग जन्मभर पाळत बसशील."

मी कुणाला नवस बोललो नाही. तिचं ऐकलं. ऐकलं म्हणून ती गेली असं मला वाटत नाही. पण पावसात भिजलेल्या अंगणात तिच्या कोंबड्या चिखल उकरत होत्या आणि मी दारात उभा राहून त्यांच्याकडं बघत होतो, ते विसरता येत नाही.

मागच्या आठवड्यात परसात मुंगूस आलं. त्या तलंगीच्याच वंशातली एक, तशीच तांबूस. मी शाळेतून आलो तेव्हा ती भिंतीशी पडलेली होती. मान, पाठ, तीच जागा. वाटलं, राहू द्यावं. मला आता जिवाला काही लावून घ्यायचा कंटाळा आला होता. पाणी आणायला आत गेलो, परत आलो, तर तिचा डोळा उघडा होता.

हळद होती. सुई आक्काच्या फणीच्या डब्यात होती. दोरा हातात घेतला आणि ठेवून दिला. माझे केस बोटभर. मग चुलीमागच्या भिंतीतली फट आठवली. विंचरून निघालेल्या केसांचं गुंतवळ आक्का तिथं कोंबून ठेवायची. वैदिणी आल्या की ते केस देऊन त्यांच्याकडून सुया, मण्यांची पोत घ्यायची. मी बोट घातलं. गुंतवळ होतं. काळे थोडे, पांढरे जास्त, खोबरेल तेलाचा जुनाट वास. तिच्या अंगाचं घरात एवढंच उरलं होतं. लुगडी मी देऊन टाकली होती. ते हातात घेऊन मी किती वेळ बसलो कोण जाणे. बाहेर कोंबडी गप्प होती. शेवटी त्यातला एक लांब केस सोडवला आणि सुईत ओवला.

माझे टाके वेडेवाकडे आले, सैल आले. जोरात ओढायचा धीर होईना. काही केस तुटले. गुंतवळ निम्मं संपलं.

आज सकाळी ऊन परसात आलं तेव्हा मी डालगं उचललं. कोंबडी उभी राहिली. कोनाड्यातला कालचा गार हुरडा आणून मी तिच्यापुढं तळहात धरला. तिनं एक दाणा उचलला, मग दुसरा. सगळा खाल्ला. उन्हात दोन पावलं गेली, थांबली, आणि सगळं अंग झाडलं. पिसं फुलली, हळदीचा भुगा माझ्या अंगावर उडाला.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. मागून कोणी तरी "घेतली" म्हणेल म्हणून कान देऊन. कोणी म्हणालं नाही. तिला मागणारं कोणी नव्हतं. ती भिंतीकडं जाऊन माती उकरू लागली.

तळहातावर एक दाणा चिकटून राहिला होता. तो मी तोंडात टाकला.